मैदानाबाहेर काढलेला रेफ्री

ज्यांच्याविषयी लिहिले आहे ते: श्री. धानके सर, आश्रमशाळेचे निवृत्त क्रीडाशिक्षक, राहणार खर्डीजवळ, तालुका शहापूर. रग्बी या खेळाचे रेफ्री होते. सर आहेत, रेफ्री आता नाहीत.

ज्यांचा संबंध येतो ते: सुनीता वाघ, डोळखांबच्या वरच्या एका पाड्यावरची मुलगी. तिचा धाकटा भाऊ रोशन. नितीन, सरांनीच तयार केलेला तरुण रेफ्री. आणि एक दादा. त्यांचे नाव मी लिहीत नाही, ते प्रत्येक स्पर्धेच्या कमानीवर लिहिलेले असते.

तारखा: पहिल्या घटनेची, भातकापणी आटोपून खळी मोकळी झाल्यावरचा रविवार, शहापूर. दुसऱ्या घटनेची, त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी शिमग्याच्या अलीकडचा रविवार, मुरबाड. आकडे मुद्दाम घातलेले नाहीत. आकडे घातले की ‘त्या तारखेस अशी स्पर्धाच झालेली नाही’ असे उत्तर येते, हे मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे.

साक्षीदार: पहिल्या वेळी मैदान भरून माणसे होती. दुसऱ्या वेळीही तितकीच होती. परंतु नंतर मी विचारायला गेलो तेव्हा प्रत्येक जण नेमका त्याच वेळी पाणी प्यायला गेलेला निघाला.

लिहिणार मी. शहापूरच्या तहसील कार्यालयासमोर टेबल मांडून अर्ज लिहितो. शिक्षण नववी, दहावीचे वर्ष घरच्या अडचणीत गेले. तथापि या तालुक्यातील बांधाबांधांच्या भांडणांना माझी भाषा लागलेली आहे, आणि माझ्या हातचा अर्ज समोर आला की कारकून खुर्चीत सरळ होऊन बसतो. हे एवढ्याचसाठी नमूद केले की पुढील मजकूर कोणा येरागबाळ्याने लिहिलेला नाही.

धानके सर माझ्या टेबलापाशी प्रथम आले ते मैदानातल्या खड्ड्यांसाठी. शाळेचे मैदान कोणाच्या तरी लग्नाला दिले होते आणि मांडववाल्याने बांबू उपटून नेले, खड्डे तसेच ठेवले. मी अर्ज लिहिला. ‘निर्दयी मांडववाल्याने मैदानाची चाळण करून कोवळ्या बालकांच्या प्राणांशी खेळ मांडलेला आहे’ असे पहिलेच वाक्य होते. सरांनी ते उभ्यानेच वाचले. बुटका, काळासावळा माणूस, पायांत खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट.

“वकीलसाहेब, निर्दयी कापा,” ते म्हणाले.

“सर, एवढे जोरात लिहिल्याशिवाय साहेब वाचत नाहीत.”

“रेफ्रीनी रिपोर्टात बघितलं तेवढंच लिहाचं असतं. मैदानात खड्डे हायत. पोराचा पाय जाईल एवढे हायत. मांडववाला निर्दयी हाय का ते मी बघितला नाय. तो मला चांगला वाटला. पोहे दिले त्यानी.”

त्यांनी कापत कापत माझा पानभर अर्ज तीन ओळींवर आणला. खड्डे दुसऱ्या दिवशी बुजले. निर्दयी ठेवले असते तर त्याच दिवशी बुजले असते असे माझे मत आजही आहे. मी वकील नाही, हेही मी त्यांना तेव्हाच सांगितले. त्यावर ते म्हणाले, “कोरटात न जाता भांडता, म्हणजे वकिलाच्या वरचे.” तेव्हापासून मी त्यांच्यापुरता वकीलसाहेब झालो, आणि खरे सांगायचे तर मला ते आवडू लागले.

हा खेळ आमच्या भागात कसा आला तेही थोडक्यात सांगतो. मुंबईकडची काही तरुण मंडळी एका पावसाळ्यानंतर आश्रमशाळेत आली आणि पपईच्या आकाराचे चेंडू देऊन गेली. चेंडू काखेत धरून पुढे धावायचे, पण हाताने द्यायचा तर मागच्यालाच द्यायचा. समोरच्याने मिठी मारून खाली पाडायचे. रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की गुण. डोंगरउतारावर धावलेल्या पोरांना हे दोन दिवसांत आले. सरांना दोन वर्षे लागली. सारा जन्म कबड्डी शिकवलेला माणूस, त्यांनी निवृत्तीच्या तोंडावर हा खेळ शिकून घेतला, पुण्याला जाऊन परीक्षा दिली आणि ते रेफ्री झाले. कशासाठी, असे मी विचारले. “शिकवणारे मिळतात,” ते म्हणाले. “पडलेल्याला बघणारा पण लागतो ना कोणतरी.”

सामन्याच्या सकाळी ते सगळ्यांच्या आधी येत आणि बूट हातात घेऊन अनवाणी मैदान फिरत. आमची मैदाने म्हणजे कापणी झालेली शेते. भाताचे खुंट, खडे, कुठे बाटलीची काच. तळपायाला जे लागेल ते उचलायचे आणि खिशात टाकायचे. सामना सुरू होईपर्यंत त्यांच्या चड्डीचे खिसे खड्यांनी लोंबत. शिटी गळ्यात घालत नसत, मुठीत धरत. कोणत्याही संघाकडचा चहा घेत नसत. दोन्हीकडचे चहाचे पेले मैदानाच्या कडेला निवत पडलेले मी कित्येकदा पाहिले आहेत.

या खेळात रेफ्रीशी फक्त कप्तानाने बोलायचे असते, तेही ‘सर’ म्हणून. सरांना हा नियम फार प्रिय होता. एखाद्या पोराने हातवारे करीत धाव घेतली की ते त्याच्याकडे न बघता कप्तानाला सांगत, “तुझ्या माणसाला काय दुखतंय ते तू विचार अन् मला सांग.” काकींनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, मला एकदा भाकरी वाढता वाढता सांगितले, “घरात पण तसाच चालतं. मी काय बोलाय गेली का बोलतात, कप्तान कोण? मी बोलली, तांदूळ माज्या हातात हाय, तवा मीच.”

सर हसले. मग गंभीरपणे म्हणाले, “बरोबर निर्णय हाय.”

दादांचे आणि सरांचे पहिले बिनसले ते सत्कारावरून. आमच्याकडे पाहुणा मैदानावर पोचला की खेळ थांबतो. क्रिकेट असो, कबड्डी असो, चालू सामना थांबवून शाल, श्रीफळ, फेटा होतो, दोन शब्द होतात आणि मग पुन्हा खेळ. यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मलाही वाटत नव्हते. एका सामन्यात दादांची गाडी आली, लाऊडस्पीकरवर नाव पुकारले गेले आणि दादा सरळ मैदानात चालत आले. मागून शाल घेतलेला कार्यकर्ता. सरांनी शिटी वाजवली नाही. दोन्ही संघांची सात-सात, चौदा पोरे तशीच पळत होती. एक भलादांडगा मुलगा चेंडू काखेत धरून थेट दादांच्या दिशेने सुटला तेव्हा सर पळता पळता म्हणाले, “दादा, तुमी खेळात उभे हाव. पाडतील तुमाला.”

लोक हसले. दादाही हसले, आणि मध्यंतरापर्यंत रेषेबाहेर नारळ हातात घेऊन उभे राहिले. त्यांच्या हसण्याकडे सरांनी पाहिले नाही. मी पाहिले होते. संध्याकाळी मी सरांना म्हणालो, “जरा थांबवला असता खेळ तर काय बिघडत होते?”

“कुणाला लागला असता तर थांबवला असता,” ते म्हणाले. “शालीसाठी नाय.”

सायंकाळी खर्डी स्टेशनाबाहेरच्या टपरीवर आमच्या गप्पा होत. खेळात जगभर काय चालले आहे ते सर मोबाइलवर वाचत आणि मला सांगत, जणू ते गावच्याच चावडीवरचे असावे. परदेशात जुने नामांकित खेळाडू चाळिशीतच पोरांची नावे विसरू लागले आहेत आणि तरुणपणी डोक्याला बसलेल्या मारासाठी कोर्टात गेले आहेत. म्हणून आता मिठी खालून मारायची, छातीच्या वर हात गेला की कार्ड. म्हणून आता रेफ्रीला शिव्या जास्त. “पूर्वी बोलत, आंधळा हाय. आता बोलतात, खेळ बायकी केला. अन् पोरी खेळतात त्या यांच्यापेक्षा जोरात पाडतात.” आपल्याकडेही आता टीव्हीवर पैशाची स्पर्धा सुरू झाली, बाहेरचे खेळाडू आले, याचे त्यांना कौतुक होते. पण तिथले रेफ्री चित्र थांबवून पुन्हा बघतात, ते पाहताना त्यांचा चेहरा उतरत असे.

“तिथं डोक्याला लागला तर डॉक्टर बघतो, व्हिडिओ बघतो, चार माणसा कानात बोलतात,” ते म्हणाले. “आमच्याकडं डॉक्टर मीच, व्हिडिओ मीच. त्यात पोरगा पडला की गावचे लोक कांदा घेऊन येतात.”

हे खरे होते. मैदानावर कोणी आपटला की लोक आत धावत. डोक्यावर पाणी ओतत, नाकाशी कांदा फोडत, देवाचा अंगारा कपाळाला लावत, आणि तो उठून उभा राहिला की टाळ्या पिटत. उठला म्हणजे बरा झाला. सरांचा नियम एवढाच होता: शंका आली तर बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. शंका कशी घ्यायची त्याचे चार प्रश्न होते. हे कुठले मैदान? खेळाचा पहिला भाग की दुसरा? शेवटचे गुण कोणी घेतले? मागचा सामना कोणाशी झाला? हे प्रश्न त्यांचे नव्हेत, खेळाच्या पुस्तकातले. पण ते विचारताना सर पोराच्या ओठांकडे बघत नसत. दोन्ही तळव्यांत तोंड धरून डोळ्यांत बघत.

आता पहिली घटना.

शहापूरला मुलींचा अंतिम सामना होता. सुनीता वाघ एका संघाची कप्तान. सरांच्याच शाळेत शिकलेली, त्यांनीच पहिल्यांदा हातात चेंडू दिलेला. निवड करणारी मंडळी मंडपात बसली होती. राज्याच्या संघात नाव लागले असते तर खेळाच्या कोट्यातून पोलीस भरतीचा रस्ता तिला मोकळा होत होता, हे तिच्या पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक होते. दोन टेम्पो भरून माणसे खाली आली होती. संघाच्या अंगावरचे कपडे दादांनी दिलेले होते.

दुसऱ्या भागात सुनीताने एका मुलीला खाली पाडले आणि पडताना त्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलात बसला. ती उठली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती चालू लागली ती समोरच्या संघाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. सरांनी शिटी वाजवली.

“सुनीता, हे कुठलं मैदान?”

“शाळेचा.”

“कुठल्या शाळेचा?”

“आपल्या.”

तिची आणि त्यांची शाळा तिथून पुष्कळ दूर, डोंगरात होती. सरांनी तिचा दंड धरला. “बाहेर चल गो.”

“सर, नाय. मी बरी हाव. सर, मंडपातले बघतात. सर.”

“मला शंका आलीय.”

“तुमाला माझी शंका आली?” ती म्हणाली, आणि तिला रडू फुटले. तिचा मामा रेषेवरून ओरडला, “मास्तर, पोरीचा नशीब तुमच्या हातात हाय, एवढा तरी बघा.” सरांनी तिला बाहेर बसवले, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला आणि खेळ सुरू केला. कप्तानाशिवाय संघ हरला. मंडपातल्या मंडळींनी दुसऱ्या मुलीचे नाव लिहून घेतले. त्या रात्री सुनीताला दोनदा ओकारी झाली, हे मला तिच्या मामाकडूनच पुढे कळले. परंतु त्याचा आणि सरांच्या निर्णयाचा संबंध त्यांच्या पाड्यावर कोणी लावला नाही. उन्हाची बाधा झाली असे ठरले.

आठवडा उलटण्याच्या आत सरांना कागद आला. ‘पक्षपाताच्या तक्रारी प्राप्त झाल्याने पुढील आदेश होईपर्यंत आपणास सामन्यांचे काम देता येणार नाही.’ तक्रार कोणाची ते लिहिले नव्हते. सरांनी शिटी धुऊन डब्यात ठेवली.

मी अपील लिहिले, उत्तर आले नाही. स्मरणपत्र लिहिले, माहितीच्या अधिकारात विचारले, वरच्या कार्यालयास लिहिले. माझ्या साऱ्या व्यवसायात मी इतकी बांधेसूद भाषा क्वचित वापरली असेल. सर प्रत्येक मसुद्यातली विशेषणे कापत राहिले. शेवटी शेवटी मीच ती घालणे सोडले. एके दिवशी टपरीवर ते म्हणाले, “वकीलसाहेब, आमच्या खेळात एक नियम हाय. समोरच्यानी चूक केली तरी लगेच शिटी मारत नाय. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडंच चेंडू असला तर खेळू देतो. बघतो, त्यातून त्याचा भला होतं का. झाला तर ठीक. नाय झाला तर मागं आणतो, जिथं चूक झाली तिथंच.”

“मग?”

“मग काय. सुनीताचा भला झाला नाय. तिला मागं आणणारा मला कोण दिसत नाय.”

स्वतःच्या अपिलाविषयी ते बोलत नव्हते, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

सुनीताने त्यांच्याशी बोलणे टाकले होते. ती भिवंडीकडे एका गोदामात पॅकिंगला जाऊ लागली. पहाटे खर्डीच्या फलाटावर सर दूध घ्यायला आलेले असले की ती ओढणी तोंडावर घेऊन पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राही. पाड्यावरची माणसे बाजारात सरांना पाहून रस्ता बदलत. आश्रमशाळेच्या मुलांनी मैदान आखायला बोलावणे बंद केले. काकी म्हणत, “येवढी वर्षा लोकांची पोरा सांभाळली, आता दारात कुत्रा येत नाय.” सर म्हणत, “येईल.” कशाच्या आधारावर म्हणत, ते मला कधी कळले नाही. मला तर तेव्हाच कळून चुकले होते की कोणीही येणार नाही.

त्यांच्या जागी नितीनला नेमले. नितीन गुणी मुलगा. सरांनीच त्याला पळायला, उभे राहायला, शिटी किती लांब वाजवायची ते शिकवले होते. तो दादांची गाडी आली की खेळ थांबवी. घरी येऊन सरांच्या पाया पडला आणि म्हणाला, “सर, मला लग्न कराचंय, नोकरी लागाचीय.” सर म्हणाले, “थांबवतोस तर थांबव. पण पुन्हा सुरू करताना जागा चुकवू नको.”

आता दुसरी घटना. मुरबाडच्या मैदानावर मुलांचा अंतिम सामना होता. सुनीताचा भाऊ रोशन त्यात खेळत होता. ती त्या दिवशी कामावर खाडा करून आली होती आणि रेषेला चिकटून उभी होती. सर आणि मी दोरीच्या मागे, लोकांत. ते सामने बघायला येत, पण रेफ्रीला बाहेरून एक शब्द बोलायचा नाही हे स्वतःवर बंधन. मी एकदा नितीनला हाक मारायला गेलो तर त्यांनी माझे मनगट धरले होते.

रोशन पाय धरायला खाली झेपावला आणि त्याचे डोके समोरच्याच्या कमरेच्या हाडावर आपटले. आवाज आमच्यापर्यंत आला. तो गुडघ्यांवर उठला, मग उभा राहिला. माणसे कांदा घेऊन धावली, नितीनने त्यांना मागे सारले. तेवढे तो शिकला होता. त्याने रोशनला प्रश्न विचारले. आम्ही ऐकू शकू इतक्या जवळ होतो.

“मैदान कुठलं?”

“मुरबाड.”

“भाग?”

“दुसरा.”

“शेवटचे गुण कुणी घेतले?”

“त्यांच्या सात नंबरनी.”

“मागचा सामना?”

रोशनने तेही सांगितले. बाळबोध, एकेक शब्द तोडून, फळ्यावरचे वाचावे तसे. नितीनने त्याच्या पाठीवर थाप मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुनीताने सुटकेचा श्वास टाकलेला मी पाहिला.

सर दोरीखालून आत गेले.

एवढी वर्षे मी त्यांना ओळखत होतो. पावसात, उन्हात, शिव्यांच्या माऱ्यात त्यांनी नियम मोडलेला मी पाहिला नव्हता. ते चालत मधोमध गेले, रोशनचे तोंड दोन्ही तळव्यांत धरले आणि नितीनला म्हणाले, “याला बाहेर काढ.”

“सर, विचारलं मी. सगळी बरोबर सांगितली.”

“फार बरोबर सांगितली. धावून दमलेला पोरगा एकतरी चुकतो. डोळे बघ त्याचे. एक बाहुली मोठी हाय.”

लाऊडस्पीकरवर दादांचा माणूस बोलू लागला होता, की बाहेरच्या इसमाने मैदानात घुसून खेळात व्यत्यय आणू नये, कामावरून काढलेल्यांनी तर मुळीच नाही. लोक शिट्या मारू लागले. कोणीतरी ओरडले, “बहिणीचा वाटोळा केला, आता भावाचा करतंय.” नितीनने मंडपाकडे पाहिले, मग सरांकडे.

“सर, तुमी बाहेर जा.”

“दोरीच्या का गेटच्या?”

“गेटच्या, सर.”

“बरोबर,” सर म्हणाले. प्रेक्षक आत आला तर रेफ्रीने त्याला काढायचे असते. ते वळले आणि गेले. मीही मागोमाग गेलो. रोशन खेळत राहिला.

गेटबाहेर म्हसा रस्त्याच्या कडेला ते मैदानाकडे पाठ करून उभे राहिले. आवारात बघू नका असे कोणी म्हटले नव्हते. भिंत कमरेएवढीच होती, मान वळवली असती तरी दिसले असते. मी म्हणालो, “सर, बसा.” ते बसले नाहीत. मागून ओरडा येत होता, स्पीकर चालू होता. मग एकदम लोक गप्प झाले. आणि इतकी माणसे एका वेळी गप्प होतात तेव्हा काय झालेले असते, हे त्यांना माझ्याआधी कळले.

सुनीता गेटमधून पळत आली. चप्पल कुठे तरी राहिली होती. दोन वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलत होती.

“सर, चला. तो उठत नाय.”

सर पळत सुटलेच होते. ती त्यांच्या बरोबरीने पळत बोलत होती, “उत्तरा मी पाठ करून घेतली, सर. रोज रात्री घेतली. गुण कुणी घेतले ते दर वेळी मी रेषेवरून ओरडून सांगत होती त्याला. माझा गेला तसा त्याचा जाऊ नये म्हणून, सर.”

“आता बोलू नको,” सर म्हणाले. “त्याचा हात धर.”

रोशनचे पुढे काय झाले ते इथेच सांगून टाकतो. मुरबाडहून त्याला कल्याणला नेले, तिथून पुढे मोठ्या इस्पितळात. तो वाचला. आता घरी, पाड्यावर असतो. माणसे ओळखतो. बोलता बोलता मधला शब्द हरवतो आणि तो हरवला की रागाने स्वतःच्या मांडीवर मारीत राहतो. उन्हात उभा राहू शकत नाही, सबब शेतावर किंवा वीटभट्टीवर त्याला कोणी नेत नाही. सुनीता गोदामात जाते आणि संध्याकाळी येऊन त्याला सोप्या सोप्या गोष्टी विचारते. दिवस कुठला, वांगी काय रंगाची. तो कधी सांगतो.

चौकशी झाली. ती रोशनविषयी नव्हती. ‘एका माजी पदाधिकाऱ्याने दोन वेळा मैदानात अनधिकृत प्रवेश केल्याबाबत’ होती. तिच्या अखेरीस धानके सरांना कोणत्याही मैदानावर येण्यास कायमची मनाई झाली. नितीनला जबाब देताना विचारले गेले की त्याने प्रश्न विचारले होते काय. त्याने होय म्हटले. उत्तरे बरोबर होती काय. होय. तिथे ते संपले. सर काकींना घेऊन वैशाखऱ्याला लेकीकडे राहायला गेले. मी अपिलाचा मसुदा पाठवला, तो त्यांनी कापलेलादेखील नव्हता. तसाच परत आला. बरोबर निरोप होता, ‘वकीलसाहेबांना सांगा, आता नको.’ मुरबाडनंतर आमची भेट नाही.

मला ते शेवटचे दिसले ते त्याच रविवारी, मुरबाडच्या मैदानाच्या मधोमध. गुडघे टेकून, रोशनचे डोके दोन्ही तळव्यांत धरून, मान जराही हलणार नाही अशी. कोणी पाणी आणले, सर मान न वर करता म्हणाले, “नको.” कोणी कांदा आणला. “नको.” अंगारा घेऊन आलेल्या मामाला म्हणाले, “तुमी पायाकडं बसा, त्याला थंडी वाजतेय.” गाडी यायला फार वेळ लागला. त्यांचे हात कोपरापासून थरथरू लागले होते, पण तळवे हलत नव्हते. गाडीत चढवतानाही ते तसेच, वाकलेले, डोक्याबरोबर आत गेले. सुनीता आत बसली. दार लागण्यापूर्वी त्यांनी बाहेर पाहिले. नितीन तिथेच उभा होता, शिटी ओठांत तशीच राहिलेली.

“नितीन,” सर म्हणाले, “घड्याळ थांबव बाळा. तुझा खेळ अजून चालू हाय.”

नितीनने मनगटाकडे पाहिले. आकडे पळत होते.

सबब विनंती अशी की, धानके सरांना परत घ्यावे असे माझे मागणे नाही. ते त्यांनीच नाकारले आहे. ज्या कोणाचे या खेळाशी नाते आहे त्यांनी एवढेच लेखी कळवावे की पुढच्या स्पर्धेत शहापूर अथवा मुरबाडच्या मैदानावर एखादे पोर डोक्यावर आपटले, उठून उभे राहिले आणि सगळी उत्तरे बरोबर देऊ लागले, तर त्याचे डोळे कोण बघणार आहे. हुद्दा नको. त्या माणसाचे नाव कळवावे.

अर्ज लिहिणारा,
तहसील कार्यालयासमोर, शहापूर